चार समीकरणं आणि चारही वेळा ‘मीठ + पाणी’: नववीच्या एका विद्यार्थिनीचा प्रकरण अभ्यास

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीच्या ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ (इंग्रजीत ॲसिड, बेस आणि सॉल्ट) या धड्यासाठी एका मुलीबरोबर मी दोन-अडीच महिने जे काही केलं, त्याची ही नोंद. मुलीचं आणि गावाचं नाव देत नाही. वडिलांची माड-पोफळीची बाग, घरात आई, आजी, धाकटा भाऊ. वर्गात शांत, हजेरी चोख, वही नीटनेटकी. अशा मुलांकडे आम्हां शिक्षकांचं लक्ष उशिरा जातं. दंगा करणाऱ्यांकडे लगेच जातं, हुशारांकडे जातं, आणि ही मधली मुलं मान खाली घालून धडे उतरवत राहतात.

जुलै संपता संपता धड्यावर 20 गुणांची चाचणी घेतली. तिला 6 मिळाले. मी पेपर तपासले, बेरीज केली, शेरा लिहिला: ‘अभ्यास वाढव.’ गठ्ठा बांधताना तिचा पेपर वर आला म्हणून पुन्हा नजर पडली. चार अभिक्रिया पूर्ण करायच्या होत्या, शब्दांत लिहिलं तरी चालेल असं सांगितलं होतं. तिनं लिहिलं होतं:

हायड्रोक्लोरिक आम्ल + सोडिअम हायड्रॉक्साइड → मीठ + पाणी
सल्फ्युरिक आम्ल + कॉपर ऑक्साइड → मीठ + पाणी
नायट्रिक आम्ल + पोटॅशिअम हायड्रॉक्साइड → मीठ + पाणी
हायड्रोक्लोरिक आम्ल + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → मीठ + पाणी

पहिलं बरोबर, बाकी तिन्हींवर मी फुल्या मारल्या होत्या. पण अभ्यास न केलेलं मूल असं लिहीत नाही. ते जागा कोरी सोडतं, नाहीतर शेजारच्याचं बघून काहीतरी ठोकून देतं. इथे चारही ठिकाणी एकच उत्तर होतं, ठाम अक्षरात, खाडाखोड न करता. म्हणजे तिच्याकडे एक नियम होता. ‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’ हे तिनं चोख पाठ केलं होतं, आणि क्षार म्हणजे मीठ हे तिनं गृहीत धरलं होतं. तिच्या हिशेबी तिचं एकही समीकरण चुकलं नव्हतं.

वर्गीकरणाच्या प्रश्नातही तोच धागा होता. क्षार या रकान्यात एकटं मीठ. धुण्याचा सोडा आम्लारीत. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, कुठेच नाही, त्याची जागा रिकामी. शेवटी ‘तांबडा लिटमस कागद म्हणजे काय?’ या प्रश्नाला ‘आम्ल’ असं उत्तर.

हे सगळं मला त्या संध्याकाळी दिसलं खरं, पण त्यावर मी जो पहिला उपाय केला तो चुकीचा होता.

रंगांचा तास

मला वाटलं, मुलांना हात लावायला काही मिळालेलं नाही, म्हणून घोटाळा होतोय. आपल्याकडे दर्शकांना, म्हणजे आम्ल किंवा आम्लारी लागताच रंग बदलणाऱ्या पदार्थांना, काय तोटा! पावसात जास्वंद फुललेली, हळद घरोघरी, आमसुलं प्रत्येकीच्या आईच्या बरणीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांकडून हे सगळं मागवलं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरून काढलेला रस लिंबानं गुलाबी झाला, चुन्याच्या निवळीनं हिरवा. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी पडलं आणि लालभडक डाग उमटला. आमसुलाच्या लाल पाण्यात निवळी ओतत गेलो तसा त्याचा लाल रंग मावळत गेला. वर्ग खूश, मी खूश.

आठ दिवसांनी तोच पेपर थोडा बदलून दिला. तिला 7 मिळाले. एक गुण वाढला, आणि जे आधी कोरं होतं ते आता चुकलं. मोरचूद तिनं आम्लारीत टाकलं. कारणाच्या ओळीत लिहिलं, ‘निळे असते म्हणून.’

आता याचा दोष मी तिला कसा देऊ? मीच तासभर रंग दाखवत होते. आमसूल लाल आणि आंबट. लिटमस आम्लात तांबडा, आम्लारीत निळा. त्यातून तिनं काढलेला निष्कर्ष असा की लाल ते आम्ल आणि निळी ती आम्लारी, मग तो कागद असो, फळ असो की मोरचुदाचा खडा. दर्शक हा साक्षीदार आहे, तो स्वतः आरोपी नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. शिवाय आमसूल हे पहिल्या तासाला घेण्यासारखं उदाहरण नव्हेच. ते स्वतः आम्लही आहे आणि रंग बदलणारं दर्शकही. जाणत्यासाठी ते सुंदर आहे, नवशिक्यासाठी घोटाळ्याचं. हळदीतही एक खाच आहे जी मी त्या तासाला सोडून दिली: हळद आम्लात पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. ती फक्त आम्लारी ओळखून देते. ‘हळद पिवळी राहिली, म्हणजे पदार्थ आम्ल’ असं दरवर्षी अर्धा वर्ग लिहितो.

व्हरांड्यातलं बोलणं

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं. पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, “क्षार म्हणजे काय गो?”

“खारट लागता तां.”

“आणखी?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी पापडात खार घालता. आमच्या बोरिंगच्या पाण्यात पण क्षार आसत, त्यामुळे भांड्यांक पांढरां बसता.” आणि मग अगदी हळू, “बाई, माका कळता, पण लिवूक येणा नाय.”

तिला खरंच कळत होतं. तिच्याजवळ ‘क्षार’ या शब्दाचे तीन अर्थ होते आणि तिन्ही तिच्या घरात रोज वापरले जात होते. एक खारट चव: मीठ, खाडीचं पाणी, खारजमीन. दुसरा पापडखाराचा: तो कडवट-तुरट, बुळबुळीत, मिठासारखा मुळीच नाही. तिसरा बोरिंगच्या पाण्यातला, भांड्यावर पांढरा थर धरणारा. पुस्तकातला चौथा अर्थ या तिघांच्या गर्दीत येऊन बसला होता आणि तिनं त्यातल्या त्यात ओळखीच्या मिठाचा हात धरला होता.

या घोटाळ्यात मराठी मुलाची चूक नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. आपल्या भाषेत ‘क्षार’ हा फार जुना शब्द आहे आणि त्याचा जुना अर्थ आजच्या पुस्तकातल्या अर्थापेक्षा वेगळा आहे. आयुर्वेदातला यवक्षार म्हणजे जवाच्या रोपांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढलेला पदार्थ. तो मुख्यतः पोटॅशिअम कार्बोनेट. चरचरीत, दाहक, आज ज्याला आपण अल्कधर्मी म्हणतो तसा. खुद्द ‘अल्क’ (पाण्यात विरघळणारी आम्लारी) या शब्दाच्या मुळाशीही राखच आहे: अरबीतला ‘अल-कली’, म्हणजे वनस्पती जाळून उरलेली राख. म्हणजे आजीचा ‘खार’ आणि पुस्तकातला ‘अल्क’ एका चुलीतले, आणि पुस्तकातला ‘क्षार’ मात्र त्याहून कितीतरी मोठ्या गटाला दिलेलं नाव. पाठ्यपुस्तक हे कुठे सांगत नाही. मीही पंधरा वर्षं शिकवताना कधी सांगितलं नव्हतं.

मी तिला एकच प्रश्न विचारला. “मोरचूद चाखून बघता येईल?” तिनं जोरात मान हलवली. बागायतदाराची मुलगी ती, मोरचूद विषारी असतं हे तिला चालायला लागल्यापासून माहीत. “मग ते क्षार आहे की नाही हे चवीनं कसं ठरवणार?” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रश्न तिला पटला होता. निघताना म्हणाली, “बाबा रविवारी बोर्डो करतले. येशात?”

पोफळीच्या बागेत

पोफळीवर पावसाळ्यात कोळेरोग येतो. बुरशीसारख्या एका जीवामुळे कच्ची सुपारी कुजते आणि गळून पडते. त्यावर आपल्याकडे बोर्डो मिश्रण फवारतात, पहिलं पावसाच्या तोंडावर आणि पुढचं साधारण दीड महिन्यानं. त्या वर्षी दुसरी फवारणी पावसामुळे लांबली होती, श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा घाई चालली होती. एक टक्क्याच्या मिश्रणाचं माप सगळ्यांना तोंडपाठ: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात वेगळं विरघळवायचं, चुना उरलेल्या अर्ध्यात, आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची अजिबात नाहीत. ‘बोर्डो’ हे नाव फ्रान्समधल्या गावाचं आहे, तिथल्या द्राक्षबागांत मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञानं 1885 साली हे मिश्रण पुढे आणलं, हे मी सांगितल्यावर तिचे वडील काम थांबवून म्हणाले, “म्हणजे आमच्या आज्याच्या आदीचां.” 

मी खिशात लिटमस कागद नेले होते. ओतण्याआधी तिला म्हटलं, मोरचुदाच्या पिंपात निळा कागद बुडव. निळंशार पाणी, निळा कागद. तिनं बुडवला, वर काढला, आणि बघत राहिली.

“बाई, तांबडो झालो!”

हा क्षण मला शाळेत शंभर आमसुलांनी मिळवून दिला नसता. पाण्याचा रंग निळा असला तरी कागद तांबडा होतो. ‘निळं ती आम्लारी’ हे तिचं गणित तिच्याच हातात मोडलं. मग चुन्याच्या निवळीत तांबडा कागद बुडवला, तो निळा झाला. दोन्ही मिसळल्यावर आकाशी रंगाचं दाट मिश्रण झालं, त्यात मी पुन्हा निळा कागद द्यायला निघाले तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, “कागद कित्याक? कोयती बुडवन बघा बाईनू. तांबडी झाली तर चुनो कमी पडलो.”

घासून लख्ख केलेली कोयती मिनिटभर मिश्रणात धरली. काहीच झालं नाही, मिश्रण जमलं होतं. ती माघारी वळणार होती, पण मी तिला तळाशी उरलेल्या मोरचुदाच्या पाण्यात कोयती बुडवायला लावली. पात्यावर विटकरी-तांबूस थर चढला. लोखंडानं द्रावणातलं तांबं हुसकावून बाहेर काढलं होतं आणि स्वतः त्याच्या जागी गेलं होतं. चुना पुरेसा असला की सगळं तांबं हायड्रॉक्साइडसारख्या न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, मग कोयतीला मिळत नाही. चुना कमी पडला तर मोकळं तांबं उरतं, तेच कोवळ्या घोसांना भाजतं. तिच्या वडिलांनी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नसेल, पण उदासिनीकरण पुरं झालं की नाही हे बघण्याची त्यांची रीत प्रयोगशाळेइतकीच खात्रीची आहे.

घरी चहा घेताना तिनं स्वतःच विचारलं, “बाई, मग मोरचूद आम्ल?”

नाव आणि आडनाव

इथून पुढचं काम कागदावरचं होतं, आणि खरं सांगायचं तर गुण त्यामुळेच वाढले. बागेनं तिचा चुकीचा नियम काढून टाकला, पण नवा नियम बागेत मिळणार नव्हता.

मी तिला क्षाराची ओळख चवीवरून किंवा रंगावरून न देता नावावरून दिली. क्षाराच्या नावाचे दोन तुकडे असतात. पुढचा तुकडा आम्लारीकडून येतो, मागचा आम्लाकडून. आपल्या नाव-आडनावासारखं. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या घरात आडनाव क्लोराइड, नायट्रिकच्या घरात नायट्रेट, सल्फ्युरिकच्या घरात सल्फेट, कार्बोनिकच्या घरात कार्बोनेट, ॲसेटिकच्या घरात ॲसेटेट. पोटॅशिअम हायड्रॉक्साइड आणि नायट्रिक आम्ल यांचा क्षार मग पोटॅशिअम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. कॉपर ऑक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांचा कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. मीठ हे सोडिअम क्लोराइड, या मोठ्या कुटुंबातलं एक माणूस. तिनं तक्ता आखला, वर चार आम्लं, डावीकडे चार आम्लारी, आणि सोळा चौकटी भरल्या. रोज एकदा, आठ दिवस. याला मी घोकंपट्टी म्हणत नाही. पाढे पाठ केल्याशिवाय गुणाकार होत नाही, तसंच आहे हे.

तक्ता हातात बसल्यावर तिचा बागेतला प्रश्न उत्तर देण्याजोगा झाला. मोरचूद क्षारच, पण त्याच्या आईबापांपैकी आम्ल तीव्र, आम्लारी सौम्य. जोर आम्लाचा, म्हणून द्रावण आम्लधर्मी, म्हणून निळा लिटमस तांबडा. त्यावर ती लगेच म्हणाली, “मग पापडखार उलट असतला.” पापडखारात मुख्यतः सोडिअम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट: आम्लारी तीव्र, आम्ल सौम्य. नावानं क्षार, वागण्यानं अल्कधर्मी. तिनं घरी जाऊन हळदीच्या कागदावर पापडखाराचं पाणी टाकून पाहिलं, दुसऱ्या दिवशी लाल डागाचा कागद वहीत चिकटवून आणला. शेजारी मिठाच्या पाण्याचा कागद, पिवळाच. दोन्ही बाजू तीव्र, म्हणून उदासीन, सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) 7.

मीठ, मोरचूद, पापडखार. तिन्ही क्षार, तिन्ही तिच्या घरातले, तिघांचं वागणं तीन तऱ्हेचं. धड्याची अर्धी गुंतागुंत या तीन पुड्यांत सुटते असं मला आता वाटतं, आणि पुढच्या वर्षी मी धड्याची सुरुवातच तिथून करणार आहे. जास्वंद नंतर.

सामूची पट्टी मी मुद्दाम शेवटी घेतली. 1909 साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे एका मद्यकारखान्याच्या प्रयोगशाळेत, ही मोजणी काढली, एवढं सांगून थेट त्यातल्या खाचेवर आले: सामू एकानं उतरला की हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, दहापट होते. 4 आणि 5 यांत एकाचाच फरक दिसतो, पण तो दहापटीचा. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट. हे मुलं ऐकतात आणि विसरतात. तिच्या बाबतीतही दोनदा सांगावं लागलं.

सहामाही

ऑक्टोबरच्या परीक्षेत या धड्यावर 9 गुण होते. तिला 7 मिळाले. समीकरणं सगळी बरोबर. पण मला जास्त समाधान दिलं ते एका शास्त्रीय कारणानं: ‘ताक तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवल्यास कळकते.’ ऑगस्टमध्ये तिनं याचं उत्तर लिहिलं होतं, ‘ताक आंबट असते म्हणून.’ चूक नाही, पण अर्ध्या गुणाच्या पुढे जाणारंही नाही. परीक्षक विचारतो आहे की आंबटपणामुळे पुढे काय होतं. आता तिनं लिहिलं होतं, ‘ताकातल्या लॅक्टिक आम्लाची भांड्याच्या तांब्यावरील ऑक्साइडशी अभिक्रिया होऊन तांब्याचा क्षार तयार होतो. तो विषारी असतो व ताकात मिसळतो.’ विषारी क्षार. ज्या मुलीच्या लेखी क्षार म्हणजे फक्त मीठ होतं, तिनं हे लिहिलं.

दोन गुण गेले ते आम्लारिधर्मता आणि आम्लधर्मतेच्या प्रश्नात. सल्फ्युरिक आम्लाची आम्लारिधर्मता 2, कॅल्शिअम हायड्रॉक्साइडची आम्लधर्मता 2. तिनं शब्द उलटे लिहिले. आम्लाला आम्लारिधर्मता आणि आम्लारीला आम्लधर्मता, हे ऐकायलाच उलटं वाटतं. आम्लाचा एक रेणू किती आम्लारी पचवू शकतो असं मी समजावते, पण तेवढ्यानं सगळ्यांचं भागत नाही. तिचंही भागलं नाही.

मिठागरावर

जानेवारीत वर्गाला शिरोड्याच्या मिठागरावर नेलं होतं. 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तो हा परिसर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात मीठ बहुतांश, पण सगळं मीठ नाही. पाणी आटत जातं तसं आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि शेवटी मॅग्नेशिअमच्या क्षारांचं कडवट पाणी उरतं. मुलं पांढऱ्या ढिगांभोवती फिरत होती. तिनं माझ्याकडून वैश्विक दर्शकाची, म्हणजे रंगावरून सामू सांगणारी, पट्टी मागून घेतली आणि भरतीचं पाणी येतं त्या तोंडाशी जाऊन बुडवली. रंग 8 च्या जवळ जुळला.

ती पट्टी हातात धरून आली. “मीठ तर उदासीन. मग आठ कसा?”

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, तूच बघ.

ती बांधावर बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “पाण्यात नुसता मीठ नसतला. दुसरो खयचो तरी क्षार असतलो, ज्याचो आम्ल सौम्य.” मी म्हटलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो. तिनं वही गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं: कार्बोनिक आम्ल, सौम्य. त्याखाली: सोडिअम हायड्रॉक्साइड, तीव्र. मग बाण काढून: सोडिअम बायकार्बोनेट. अक्षर तेच, ठाम, खाडाखोड न केलेलं.